टोमॅटोला शेजार कुणाचा?

मैत्रिणींनो, आज आधी एक कबुली द्यायची आहे. दोन वर्षांपूर्वी, गणपतीच्या सुमारास, याच पानावर मी टोमॅटोच्या सोबतीला लावायच्या झाडांविषयी लिहिलं होतं. अमेरिकेतल्या भाच्याने बागकामाचं एक जाडजूड पुस्तक आणून दिलं होतं, त्यातली यादी मी जवळजवळ तशीच्या तशी उतरवून काढली. झेंडू लावा, तुळस लावा, कांदा-लसूण लावा, पुदिना लावा, मका लावा, कडेने चवळी सोडा. किती लावा, कधी लावा, वाफा केवढा हवा, ऊन कुठून येतं, यातलं काहीएक लिहिलं नाही. पानावर जागा कमी पडली असं सांगून मला सुटता येईल, पण ते खरं नाही. तेव्हा मला स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी जानेवारीत कल्याणहून एका भगिनीचं पत्र आलं. अक्षर नीटनेटकं, तक्रारीचा सूर कुठेही नाही, आणि म्हणूनच ते वाचताना मला जास्त लागलं. तळमजल्याला राहतात. इमारतीच्या मागची आठ फुटांची पट्टी सोसायटीकडून त्यांनी एका वर्षाच्या बोलीवर मागून घेतली होती. भिशीचे आलेले चार हजार आठशे रुपये विटा, लाल माती आणि शेणखत यांत घातले. माझं पान कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आणि त्याबरहुकूम सगळं लावलं. जानेवारी उजाडेपर्यंत नऊपैकी चार टोमॅटो सुकून गेले होते, दोघांची पानं करपली होती आणि उरलेल्यांना जी काय दहाबारा फळं धरली त्यांतल्या निम्म्यांना भोकं. घरात कुणी रागावलं नाही. मिस्टर फक्त एवढंच म्हणाले, की एवढ्या पैशांत दोन वर्षांचे टोमॅटो बाजारातून आले असते. सासूबाई म्हणाल्या, "हौस फिटली ना?" शेवटी त्यांनी मला विचारलं होतं, "माझं काय चुकलं ते कळेल का? सप्टेंबरात सोसायटीची वार्षिक सभा आहे. तिथे ती जागा दुचाकींना द्यायचा विषय येणार आहे. तोवर मला उत्तर द्यायचं आहे."

त्यांचं काय चुकलं, म्हणे! मी पत्राचं उत्तर पत्राने दिलं नाही. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ठाण्याहून धीमी लोकल पकडली आणि कल्याणला जाऊन तो वाफा डोळ्यांनी पाहिला.

वाफा सुरेख होता, हे आधी सांगते. आपल्याकडे शेतकरी रोपांसाठी जमिनीपासून वीतभर उंच वाफा करतात, त्याला गादीवाफा म्हणतात. तोच प्रकार, फक्त कडेने विटा रचून फूटभर उंच केलेला. ठाणे-कल्याण-डोंबिवलीत इमारतीच्या मागे जी जमीन असते ती कसली असते हे सांगायला नको. मुरमाचा भराव, सिमेंटचे गोळे, फुटक्या लाद्या, कधी तर भिंतीतली सळई. त्यात खणत बसण्यापेक्षा वर गादीवाफा करणं शहाणपणाचं. शिवाय आपल्याकडे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. सपाट आळ्यात पाणी साचून मुळं कुजतात, उंच वाफ्यातून ते निघून जातं. या बाईंनी विटा सिमेंटने न सांधता नुसत्या रचल्या होत्या आणि खालच्या थरात मधूनमधून बोटभर फट ठेवली होती. रुंदी तीन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो, आत पाय ठेवावा लागत नाही. माती दोन भाग, कुजलेलं शेणखत एक भाग, पालापाचोळा आणि कोकोपीट मिळून एक भाग. यात मला बोट ठेवायला जागा नव्हती.

गर्दी मात्र अशी, की सकाळची आठ-बारा डोंबिवलीहून सुटताना बघावी! चोवीस चौरस फुटांत नऊ टोमॅटो, दोन वांगी, दोन मिरच्या, मका, चवळी, पालक, मेथी, कांदा, लसूण, तुळस, कडेने बारा झेंडू आणि सगळ्यांच्या पायांत पुदिना. टोमॅटोच्या एका झाडाला दीड ते दोन फूट जागा लागते. चोवीस चौरस फुटांत ती चार, फार तर पाच व्हायची. पानं एकमेकांत गुंतली की आत वारा खेळत नाही, पाणी घातल्यावर पानं दुपारपर्यंत ओली राहतात आणि करपा येतो. खालच्या पानांवर तपकिरी ठिपका, आणि ठिपक्यात एकात एक वर्तुळं. ही खूण दिसली की तो करपा समजावा. ती पानं काढून टाकावी, झाडाला काठी देऊन वर बांधावं आणि जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पानं वेळीच खुडावी. पाणी बुडात घालावं, वरून शिंपडू नये. एवढ्यानेही बरंचसं काम होतं.

मका त्यांनी दक्षिणेच्या कडेला लावला होता. त्यांचा दोष नाही. त्या बाजूला भिंत होती, भिंतीलगत उंच झाड असावं असं कुणालाही वाटेल. पण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलून जातो. पावसाळ्याच्या अखेरीला जो कोपरा उन्हात असतो तोच मार्गशीर्ष-पौषात शेजारच्या इमारतीच्या सावलीत जातो. त्यात मक्याची भर. टोमॅटोला रोज सहा तास तरी ऊन हवं. दुसरी गोष्ट अशी, की मक्याच्या कणसातली अळी आणि टोमॅटो पोखरणारी अळी ही एकच. हरभऱ्याचे घाटे आणि तुरीच्या शेंगा सोलताना आपल्याला जी हिरवट अळी सापडते, तीच ती. तिला टोमॅटोशेजारी जेवणाचं दुसरं ताट मांडून ठेवायची गरज नव्हती. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावायची जुनी पद्धत आहे, ती चांगलीच आहे, पण त्या तिघांत टोमॅटो नाही. आणि भाच्याच्या पुस्तकात आणखी पुढे, टोमॅटोजवळ मका नको असं स्वच्छ छापलेलं होतं. मी तिथवर वाचलंच नव्हतं.

आता जी चार झाडं सुकली त्यांच्याविषयी. पानं पिवळी न पडता, हिरवीच्या हिरवी मान टाकून उभी होती. पाणी घातलं तरी उठेनात. मी त्या बाईंना काचेचा पेला मागितला. खोडाचा बुडाजवळचा दोन इंचांचा तुकडा कापला आणि स्वच्छ पाण्यात त्याचं टोक बुडवून धरला. दोन-तीन मिनिटांत खोडातून दुधासारखा पांढरा धागा पाण्यात उतरायला लागला. त्यांच्या सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अगंबाई, हे काय गं?" तो जिवाणूंमुळे येणारा मर रोग. कोकणपट्टीच्या दमट हवेत हा फार. मातीत राहतो, मुळांतून शिरतो, आणि कसलंही औषध मारून झाड परत उठत नाही. सुकलेली चारही झाडं वांगी आणि मिरची लावली होती त्या टोकाची. वांगं, मिरची, बटाटा आणि टोमॅटो ही एकाच घराण्यातली भावंडं, एकाचं दुखणं दुसऱ्याला लागतं. वांग्याची रोपं त्यांनी रोपवाटिकेतून मातीसकट आणली होती, त्या मातीतूनच रोग आला असावा. म्हणून सोबत निवडताना पहिला नियम हाच, की सोबत भाऊबंदांची नको, परक्या घराण्यातली हवी. (माणसांच्या बाबतीत हा नियम लावायला जाऊ नका, नाहीतर मला आणखी पत्रं येतील.)

आणि झेंडू? झेंडू तर मी मोठ्या हौसेने सगळ्यांत वर लिहिला होता. बाईंनी तो टोमॅटोच्या भोवती कुंपणासारखा लावला होता, बारा झाडं, टोमॅटोबरोबर एकाच दिवशी. फेब्रुवारीत तो भरभरून फुलला होता आणि टोमॅटोला भोकं आधीच पडून गेली होती. इथेच खरी गोम आहे.

झेंडूच्या वासाने किडे पळतात असं आपण सगळ्या म्हणतो, मीही म्हणत होते. फळ पोखरणाऱ्या अळीच्या बाबतीत प्रकार उलटा आहे. तिच्या पतंगाला झेंडू आवडतो. रात्री मादी येते ती कळ्या-फुलं शोधत, आणि टोमॅटोपेक्षा झेंडूवर अंडी घालणं पसंत करते. म्हणजे झेंडू हा पहारेकरी नव्हे, आमिष आहे. शेतीच्या भाषेत याला सापळा पीक म्हणतात. बेंगळुरूजवळच्या हेसरघट्टा इथल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात यावर प्रयोग करून जे बसवून दिलं ते असं: टोमॅटोच्या सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ पुरते. मात्र लावणीच्या दिवशी टोमॅटोचं रोप पंचवीस दिवसांचं असेल, तर झेंडूचं रोप चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं हवं. तरच टोमॅटो फुलायला लागतो त्या वेळी झेंडूही फुललेला असतो. झेंडू मागून आला, की पतंगाला टोमॅटोशिवाय दुसरं काही सापडत नाही. झेंडूही मोठा हवा, दसऱ्याला आपण तोरणाला आणतो तो उंच वाढणारा पिवळा-केशरी.

आमिष लावलं म्हणजे सापळा बघायलाही हवा. हे काम टाळाल तर झेंडू लावून आपण अळ्यांची खानावळच उघडली असं होईल. दोन दिवसांआड सकाळी झेंडूच्या कळ्या बघाव्या. अंडं खसखशीच्या दाण्याहूनही बारीक, पिवळसर पांढरं, सुटं सुटं घातलेलं असतं. चष्मा लागतो. अळी फुलाच्या पाकळ्यांत बसते, बुडाशी काळसर विष्ठा दिसली की समजावं. असं फूल खुडून साबणाच्या पाण्यात टाकावं, वाफ्यात टाकू नये. देवाला वाहायच्या आधीही फूल जरा उघडून बघत जा. टोमॅटोवर अळी आलीच तर ती डोकं फळात खुपसून निम्मी बाहेर राहिलेली सापडते, चिमट्याने काढता येते.

शेजाऱ्यांनी बाईंना फवारायची बाटली आणून दिली होती. ती तशीच कपाटावर ठेवली होती, आणि ते बरंच झालं. असल्या औषधांवर फवारणीनंतर किती दिवस फळ तोडायचं नाही ते लिहिलेलं असतं. शेतकरी ते दिवस मोजू शकतो. चार वर्षांचा मुलगा मोजत नाही. त्यांचा धाकटा येता-जाता लालसर दिसेल तो टोमॅटो तोडून तोंडात टाकतो, मी बघत असतानाच त्याने दोन टाकले. घरच्या वाफ्याला मिश्र लागवड करायची ती मला तरी याच कारणासाठी पटते. अळ्या फारच झाल्या तर पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, चमचाभर साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारावं. तरी फळ धुऊनच खायचं.

झेंडूचा दुसरा उपयोग मुळांचा. मातीत सूत्रकृमी नावाचे डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, त्यांनी टोमॅटोच्या मुळांवर गाठी येतात. झेंडूची मुळं त्यांना मारक असतात, हे खरं आहे. पण त्यासाठी आधीचे दोन-तीन महिने सगळा वाफा दाट झेंडूने भरून काढावा लागतो. शेजारी एखादं झाड लावून ते होत नाही. झाड उपटलं की मुळं बघायची सवय ठेवा. त्या बाईंच्या मुळांना गाठी नव्हत्या, त्यामुळे ते प्रकरण आम्ही सोडून दिलं.

जाता जाता एक गंमत सांगते. झेंडूचं आणि टोमॅटोचं, दोघांचंही माहेर अमेरिका खंडात, मेक्सिकोच्या बाजूला. तिथून समुद्रापार येऊन एकीने आपल्या दसऱ्याच्या तोरणात जागा पटकावली आणि दुसरीने सारातल्या कोकमाला मागे सारलं. माहेरची ओळख जुनी आहे म्हणायची!

तुळशीविषयी स्पष्ट लिहायला हवं, कारण सगळ्यांत जास्त विचारणा तिचीच. परदेशी पुस्तकांत जी तुळस असते ती आपली वृंदावनातली नव्हे, आपल्या सब्जाच्या जातीची. तिच्यामुळे टोमॅटोला चव येते म्हणतात, त्याला भक्कम आधार मला कुठे सापडला नाही. आपली तुळस टोमॅटोच्या वाफ्यात लावू नये असंच मी आता म्हणेन, आणि कारण अगदी साधं आहे. तुळशीला रोज सकाळी तांब्याभर पाणी पडतं. ते कुणी चुकवत नाही, सासूबाई तर नाहीच नाही. टोमॅटोला रोज एका जागी तांब्याभर पाणी नको असतं. पुदिना हा तर वाफ्यात येऊच देऊ नका, त्याला वेगळ्या कुंडीत कोंडा. मुळांनी पसरतो आणि मग विटांच्या फटींतूनही डोकं काढतो. चवळीवर मावा येतो आणि वेल टोमॅटोच्या गळ्यात पडतो. तीही नको.

मग सोबत कुणाची? माझा अनुभव विचाराल तर जागेची नव्हे, वेळेची सोबत बघा. टोमॅटोचं रोप लावल्यावर पहिला महिनाभर त्याच्याभोवतीची माती मोकळी पडून असते. त्या मातीत त्याच दिवशी मेथी आणि कोथिंबीर पेरावी. पंचवीस-तीस दिवसांत मेथी उपटून भाजी करायची, तोवर टोमॅटोचं झाड हातपाय पसरायला लागलेलं असतं. मेथी कडधान्याच्या घराण्यातली, जमिनीला जड नाही. कोथिंबिरीची दोन-चार झाडं न खुडता फुलोऱ्यावर येऊ द्यावी. त्या पांढऱ्या बारीक फुलांवर माव्याला खाणारे छोटे ढालकिडे आणि माश्या येतात. विटांच्या कडेने बोटभर अंतरावर कांद्याची पात किंवा लसूण. त्यांची मुळं वरवर असतात, सावली पडत नाही, आमटीला रोज उपयोगी. बस्स. पाच फुटांच्या वाफ्याला चार टोमॅटो, उत्तरेच्या टोकांना दोन झेंडू (उंच वाढतो, दक्षिणेला लावाल तर पुन्हा मक्याचीच गत), मधून मेथी-कोथिंबीर, कडेने पात.

दिवस कसे लक्षात ठेवायचे? मी कॅलेंडर घेऊन बसले आणि मला मोठा आनंद झाला, कारण ते आपल्या सणांत नेमकं बसतं. अनंत चतुर्दशीला झेंडूचं बी टाकायचं. मागच्या दसऱ्याच्या तोरणातली पूर्ण उमललेली फुलं वाळवून कागदाच्या पाकिटात ठेवली असतील तर त्यातलं काळं, भरीव बी घ्यावं. फिकट पोकळ असेल ते उगवत नाही. नसेल तर पाकीट विकत आणा. पुढे पंधरवडा पितरांचा, आणि घटस्थापनेला, घटाभोवती धान्य पेरतो त्याच दिवशी, एका ट्रेमध्ये टोमॅटोचं बी. परतीचा पाऊस असतो, तेव्हा ट्रे सज्जात आत ठेवावा. वसुबारसेच्या आसपास टोमॅटोचं रोप पंचवीस दिवसांचं आणि झेंडूचं चाळीस-बेचाळीस दिवसांचं होतं. दोन्ही त्या दिवशी वाफ्यात. फराळाच्या गडबडीत हे जमणार नाही असं म्हणाल तर पाडव्यापर्यंत चालेल. डिसेंबर-जानेवारीतल्या थंड रात्रींत फळ चांगलं धरतं. मार्चनंतर आपल्याकडच्या उकाड्यात फुलं गळायला लागतात, तेव्हा उशीर करून उपयोग नाही. अधिक महिना मध्ये आला तर मात्र हा हिशेब फसतो. २०२० साली अधिक आश्विन आला होता, त्या वर्षी पितृपक्ष आणि नवरात्र यांत महिन्याचं अंतर पडलं होतं. तशा वर्षी सरळ दिवस मोजावे.

कल्याणच्या वाफ्याचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. आजारी टोकाची माती आम्ही वेगळी राखली, तिथली झाडं खतात न टाकता बाहेर काढली. एप्रिल-मे मध्ये माती भिजवून वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा दाबल्या आणि सहा आठवडे उन्हात तापू दिलं. याने रोग कमी होतो, समूळ जात नाही. खरं तर मर आलेल्या वाफ्यात दोन-तीन वर्षं टोमॅटो लावूच नये. पण त्या बाईंना तेवढी सवड नव्हती, म्हणून बेंगळुरूच्या त्याच संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण घ्यायला सांगितलं. मर, करपा आणि पानं आक्रसणारा विषाणू, या तिघांना तो बऱ्यापैकी तोंड देतो.

सप्टेंबरात सभा झाली. वाफ्यात तेव्हा नुसती मेथी होती. तीही पावसाने झोडपलेली. तीन फूट जागा दुचाकींना गेली. बाई सभेत काही बोलल्या नाहीत, पण कोणत्या टोकाचे तीन फूट द्यायचे ते मात्र त्यांनी ठरवलं. आजारी टोक गेलं. "आता तिथे स्कूटरला मर लागू दे," असं त्यांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मी किती हसले!

उरलेल्या पाच फुटांत वसुबारसेला चार टोमॅटो लागले. त्यांतला एक डिसेंबरात तसाच हिरवा मान टाकून गेला, म्हणजे रोग पुरता गेला नव्हताच. बाकी तिघांचं त्यांनी वजन करून कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. मार्चअखेर आठ किलो चारशे ग्रॅम. भोकं पडलेली फळं सगळी मिळून अकरा. हिशेब करायचा तर किलोला चाळीस धरून साडेतीनशेही रुपये होत नाहीत, आणि विटा-मातीचे पैसे यातून निघायला अजून कितीतरी वर्षं जातील. २०२३ च्या जुलैत टोमॅटो दीडशेच्या वर गेला होता तसा गेला तर थोडं लवकर. पण जुलैत आपल्याकडे तो पिकतच नाही. मिस्टरांचं म्हणणं आकड्यांत बरोबर होतं, हे मी त्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते मला पहिल्यापासून माहीत होतं. मला नुसतं माझं चुकलं नव्हतं एवढं हवं होतं." सासूबाईंनी पहिल्या घाण्याचं सार केलं आणि पेल्यातल्या पांढऱ्या धाग्याची गोष्ट आल्या-गेल्याला सांगितली, असं ऐकते.

डोंबिवलीच्या एका वाचक भगिनीने गच्चीवर विटांचा गादीवाफा करू का असं विचारलं आहे. करू नका. आठ बाय तीनचा फूटभर उंच वाफा ओला झाला की टनभर वजनाचा होतो, आणि गच्ची आपली एकटीची नसते. गळती निघाली तर खालच्यांशी जन्माचं वैर. भाजीवाल्याचे प्लॅस्टिकचे क्रेट किंवा रंगाच्या वीस लिटरच्या बादल्या बुडाला भोकं पाडून घ्या, कडेला तुळईच्या वर ओळीने ठेवा, तेही सोसायटीला विचारून. एका बादलीत एकच टोमॅटो, बुडाशी चिमूटभर कोथिंबीर. झेंडूची एक बादली चार-पाच टोमॅटोंमागे पुरे.

परवा अनंत चतुर्दशीला कल्याणहून फोन होता. झेंडूचं बी टाकून झालं होतं. टोमॅटोचं पाकीटही आणलेलं आहे, हात शिवशिवतायत, आजच टाकू का म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, नको. घट बसेपर्यंत थांबा.